वटवाघळाची पंगत

३० नोव्हेंबर, रविवार

ही वही मला सुवर्णानं दिली. गेल्या साली खताच्या दुकानात फुकट मिळाली होती, तीत कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. सुवर्णा माझी नात, माझ्या लेकाची, भागवतची, एकुलती. बंगलोरला विमानं बनवणाऱ्या ऑफिसात आहे. कावीळ झाली म्हणून डॉक्टरनं महिनाभर घरी पाठवलं, आणि माझी तर दिवाळी परत आली. मी तिच्या खाटेजवळून हलतच नाही. काल ती म्हणाली, "आजी, डॉक्टरनं मले आराम सांगतला. तू पहाटपासून बोलून राह्यली. हे घे वही, याच्यात बोल."

मग बोलते. मी तिसरी शिकले. गुरुजींनी 'मला' लिहायला शिकवलं म्हणून वहीत मला, तोंडात मले. अक्षर हत्तीच्या पायाएवढं येतं, एका पानात आठ ओळी बसतात. वही लवकर भरेल. दुकानात अजून आहेत.

पोरीचा रंग पार हळदीचा झालाय. नवरीसारखी दिसते असं मी म्हटलं, तर आशाबाईनं, म्हणजे सुनेनं, डोळे वटारले. लग्नाचा विषय काढायचा नाही म्हणे. बरं, नाही काढत.

३ डिसेंबर

आज सुवर्णाचं विमान पाहिलं. लॅपटॉपवरच, पण चारी बाजूंनी फिरवून दाखवलं. विमान म्हणजे नळी आणि तिला दोन पंख, एवढं मला माहीत. रोज दुपारी आपल्या तुरीवरून एक जातंच, पांढरी रेघ ओढत. हिचं तसं नाही. अंग कुठं संपतं आणि पंख कुठं सुरू होतो ते कळत नाही. मी म्हटलं, "हे तं वटवाघूळ व." ती इतकी हसली की पोट धरलं. म्हणाली, "ऑफिसात आता हेच नाव ठेवतो, आजी."

तीन वर्षं ती आणि तिच्यासोबतची माणसं हे वटवाघूळ काढताहेत. तीनशे माणसं बसतात. आत्ताच्या विमानाला तीन डबे तेल लागत असेल तर याला दोन पुरतं. पण ऑफिसात आणखी एक विमान आहे, ते वकारचं. वकार तिच्याच ऑफिसातला, आपल्याच जिल्ह्याचा, जळगाव जामोदचा. त्याचं विमान एवढंसं, एकोणीस माणसांचं. बॅटरीवर चालतं आणि लहानशा पट्टीवर उतरतं. दोन्ही बनवायला ऑफिसाकडे माणसं नाहीत. पाच जानेवारीला मोठे साहेब बसणार, एक पुढं नेणार आणि एक कपाटात ठेवणार.

म्हणून पोरगी कावीळ असून लॅपटॉप सोडत नाही. मी विचारलं, "कपाटात गेलं तं काय होते?" ती म्हणाली, "काही नाई होत, आजी. कपाटातच राह्यते." आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

४ डिसेंबर

खिचडी खाल्ली, दोन घास जास्त. बाकी काही नाही.

९ डिसेंबर

वकार आला होता. तो त्याच्या घरी आलाय, आई आजारी आहे म्हणे. तिथून दोन गाड्या बदलून धाड गावच्या स्टँडावर, धाडहून जीपनं आमच्या गावात. पिशवीभर संत्री घेऊन. आईची चौकशी केली तर म्हणाला, "बरी आहे, दादी, एकदम बरी." आठ दिवसांत उठून बसली बाई, फार छान झालं. मुलगा गुणी आहे. ऑफिसचं काम फोनवर होत असताना एवढ्या लांबून कोण येतं? मला दादी म्हणतो, तेही मला आवडलं.

तो ज्या जीपनं आला ती अब्दुल गनीची. गनीभाऊ चाळीस वर्षं धाडच्या स्टँडावर जीप लावतो. आणि आमचे मालक यष्टीचे ड्रायव्हर होते. मालकांचं नाव मी घेत नाही, वहीतही नाही. गनीभाऊ नावानं हाक मारतो ते त्याचं त्याच्यापाशी. दोघं आयुष्यभर एकाच रस्त्यावर एकमेकांची सवारी पळवत आले आणि आता रोज आमच्या ओट्यावर चहा पितात. दोन विमानांची गोष्ट कळली तशी त्यांना तर मेजवानीच झाली.

मालक म्हणाले, "वटवाघूळच पाह्यजे. मोठी गाडी ते मोठी गाडी. टायमावर निघते, गरिबाले परवडते."

"पण तुही यष्टी फाट्यावर सोडते, पुंजाजी," गनीभाऊ म्हणाला. "तिथून बाई गठुडं डोक्यावर घेऊन दोन कोस चालते. माही जीप दारात येते. हे पोट्टं बरोबर करून राह्यलं."

"दारात येते, पण निंघते कवा? भरल्याबिगर कधी हालली का तुही जीप? एका सवारीसाठी दीड दीड घंटा हॉर्न वाजवे."

"अन् तुही यष्टी? ड्रायव्हर, कंडक्टर अन् एक बकरी."

सुवर्णा खाटेवरून हसत होती. वकार मात्र हसला नाही. त्यानं वही काढून काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय लिहिलंस, तर म्हणाला, "दादी, आमच्या ऑफिसात हेच भांडण चालू आहे, फक्त इंग्रजीत. पण भरल्याबिगर हालत नाई, हे माह्या हिशेबातून सुटलंच होतं."

जाताना तो सुवर्णाला म्हणाला, "तुह्या विमानातून माणसं बाहेर निंघतीन का पण? मधातल्या माणसाले खिडकी नाई, दार दिसत नाई." ती म्हणाली, "कंप्युटर चौऱ्याऐंशी सेकंद सांगते. नियम नव्वदचा, त्याच्या आत आहे." तो म्हणाला, "कंप्युटरमधली माणसं सारी सडीफटिंग असतात."

ती रागावली. मग त्यानं संत्र सोलून दिलं, ते खाल्लं.

१२ डिसेंबर

सुवर्णाचा राग काही जाईना. तेव्हा मीच म्हटलं, माणसंच पाहिजेत ना, मी आणते. सोयाबीन निघालंय, खळं मोकळं आहे. बस म्हटलं की साठ माणसं बसवते. तिला आधी हसू आलं, मग उठून बसली आणि कागद मागितला. अख्खं विमान नको, एक खण पुरे. साठ माणसं, एका ओळीत बारा, अशा पाच ओळी, मधे दोन वाटा, एक दार.

आज दिवसभर गावात फिरले. माझे गुडघे दुखले नाहीत, आश्चर्यच आहे. बचत गटाच्या साऱ्या येतात म्हणाल्या. कडूबाआबांना बोलवायला गेले. ते माझे चुलत सासरे, नव्वदीचे, कान गेलेले. विमान विमान म्हणून तीनदा ओरडले, कळेना. शेवटी म्हटलं, "आबा, पंगत हाय." लगेच हो म्हणाले. कांदाभजी तर होतीच, म्हणजे खोटं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

काय दिवस गेला. नीट क्रमानं लिहिते.

मंडपवाल्याच्या खुर्च्या एका लग्नात गेल्या होत्या, म्हणून त्याच्याकडच्या लांब पट्ट्या आणल्या, पंगतीला टाकतो त्या. सुवर्णानं टेप धरून चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या. दार म्हणजे दोन बांबू. वकार मोबाईलवर वेळ लावून बांबूजवळ उभा. मी लुगडं नवं नेसले होते.

सुवर्णानं सांगितलं, थाळी वाजली की विमानात धूर झाला असं समजायचं आणि दारातून बाहेर पडायचं. दुसरं दार असतं, पण ते अडकलंय असं धरायचं, तसा नियमच आहे.

थाळी वाजली. कुणी उठलं नाही.

सुवर्णानं पुन्हा वाजवली. "उठा ना, काऊन बसले?" सगळे मधल्या ओळीत कडूबाआबांकडे पाहू लागले. आबा पट्टीवर मांडी घालून, समोरची जागा हातानं झाडून बसले होते. म्हणाले, "वाढप कवा?"

आता आबा बसलेले असताना उठणार कोण? पंगतीत वडीलधारं उठल्याशिवाय कुणी उठत नाही, हे पोटात असल्यापासून शिकवलेलं. बायांनी माझ्याकडे पाहिलं. मी मालकांकडे पाहिलं. मालकांनी आबांकडे. सुवर्णा ओरडून ओरडून थकली. शेवटी गनीभाऊनं आबांना बखोटीला धरून उभं केलं तेव्हा पंगत उठली. वकारनं मोबाईल दाखवला. चार मिनिटं दहा सेकंद.

मग सगळ्यांना पुन्हा नीट समजावलं. आबांना दारापाशी बसवून हातात भज्याची पुडी दिली. दुसऱ्या वेळी थाळी वाजल्याबरोबर सारे उठले, आणि दाराशी येऊन अडकले. कारण चपला. पट्टीवर बसायचं म्हणून साठ जणांनी बांबूपाशीच चपला काढल्या होत्या, त्या आता जो तो शोधू लागला. जनीच्या चपलेत शांतीचा पाय. नवरे बायकांसाठी थांबलेले, सासवा सुनांसाठी. मी स्वतः माझी डावी शोधत होते आणि मागून लोक मला ढकलत होते. दोन मिनिटं पस्तीस.

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी. सगळं गाव हसत होतं. असा दिवस दहा वर्षांत गेला नव्हता.

सुवर्णा चुन्याच्या रेघेवर बसली होती. वकार तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "चपला तं गावच्या आहेत व. विमानात कोण चपला काढते?" ती म्हणाली, "विमानात बॅगा काढतात. अन् घरचे घरच्यांसाठी थांबतात. माह्या कंप्युटरमधल्या माणसाले ना सासू आहे ना चप्पल."

भजी मात्र पुरली.

१५ डिसेंबर

सुवर्णा जेवली नाही. काविळीत भूक लागत नाहीच. उसाचा रस दिला.

१७ डिसेंबर

आज तिच्याजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. ती छताकडे पाहत होती. बोलत राहावं म्हणून मी हिवरा आश्रमाची पंगत सांगितली. मालक आणि मी मागं उत्सवाला गेलो होतो. डोळ्यांत मावणार नाही एवढी माणसं एका वेळी जेवायला बसलेली. पुरी आणि वांग्याची भाजी, आणि वाढायला ट्रॅक्टर. मालकांनी सगळे ट्रॅक्टर मोजले, जेवण थंड झालं.

सुवर्णा म्हणाली, "पंगतीत ट्रॅक्टर कसा जाते, आजी?"

"जाते म्हणजे? आधी रस्ते आखतात व. ट्रॅक्टरचे रस्ते आधी, माणसं मंग. उरलेल्या जागेत जेवढे बसले तेवढे बसले. बाकीचे दुसऱ्या पंगतीले."

ती एकदम उठून बसली. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं, या वेळी वांग्याच्या भाजीसकट. पण तिला भाजीत रस नव्हता. म्हणाली, "मी उलटं केलं. आधी तीनशे माणसं बसवली अन् उरलेल्या जागेत रस्ते काढले." आणि लॅपटॉप ओढला. अर्ध्या शेंगा तशाच राहिल्या. संध्याकाळपर्यंत मान वर नाही. पण भाकरी खाल्ली, दीड.

२१ डिसेंबर, रविवार

पुन्हा खळ्यावर. या वेळी आधी तीन रुंद वाटा आखल्या, मग माणसं. साठाच्या जागी अठ्ठेचाळीसच बसली, बाराजणी रुसून बांधावर बसल्या. चपला पायातच ठेवायच्या असं बजावलं. आणि मधल्या वाटेत गटाच्या गुलनारला उभं केलं, तिचा आवाज फाट्यापर्यंत जातो. थाळी वाजली की तिनं आबांकडे न पाहता ओरडायचं, हे ठरलेलं.

एकोणऐंशी सेकंद. आबांसकट. आबांना दोघांनी उचललं, ते म्हणाले, "वाढप झालं का?"

टाळ्या झाल्या. वकारनं सगळ्यात जास्त वाजवल्या. विमान त्याचं नाही तरी.

२२ डिसेंबर

आज एक गोष्ट मला कळली नाही, ती तशीच लिहून ठेवते.

मी ओसरीत कणीक मळत होते. वकार निघायचा होता. सुवर्णा त्याला म्हणाली, "रस्ते रुंद केले की तीनशेच्या दोनशे चाळीस सीटा होतात. साठ कमी. मंग तेलाचा जो फायदा आहे तो एका माणसामागं अर्धाच राह्यते."

वकार म्हणाला, "मंग कायले लिहिते? कंप्युटरचे चौऱ्याऐंशी आहेत ना, ते दे. खळ्यावरची पंगत कोण मोजते व? खरी टेस्ट व्हायले अजून सहा वर्षं आहेत."

"तवा कळीन त्याईले."

"तवा पाहू. आता तं तुहं विमान राहीन."

"अन् तुहं जाईन."

"जाऊ दे."

तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "तिसऱ्या ओळीत आजी बसली होती, वकार. चप्पल शोधून राह्यली होती, अन् मागून लोकं ढकलत होते. मी दोन मिनिटं पाह्यलं ते."

आता यात रडण्यासारखं काय? मी तर हसत होते तेव्हा. आणि वकारचंही मला कळलं नाही. सांगितलं तर त्याचा फायदा, तरी तो सांगू नको म्हणतो. या पोराला धंदा जमायचा नाही. जीपपर्यंत सुवर्णा त्याला पोचवायला गेली. महिन्यात पहिल्यांदा एवढं चालली. डॉक्टरला सांगितलं पाहिजे, संत्र्यानं कावीळ उतरते.

२९ डिसेंबर

डोळे पांढरे झाले. डॉक्टर म्हणाला, पंधरा दिवसांनी जाऊ शकता. हे तो हसत हसत म्हणाला.

५ जानेवारी, सोमवार

सकाळी अकराला सुवर्णा लॅपटॉपसमोर बसली, वर चांगला कुर्ता आणि खाली घरातली सलवार. मला आत यायला मनाई होती. मी देवापाशी बसले. मालक ओट्यावर, गनीभाऊही आला होता, आज दोघं भांडले नाहीत. दोन तास इंग्रजी चाललं होतं. खळ्याचा फोटो दाखवला असं भागवत म्हणाला, त्यात माझं नवं लुगडं दिसतं.

बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "जितलं का तुहं?"

"वकारचं घेतलं, आजी. माहं वटवाघूळ निजलं."

गनीभाऊला खूश व्हायला हवं होतं, पण तो चपलेकडे पाहत राहिला. मग मीच म्हटलं, "वटवाघूळ दिवसा निजतेच व. सांज होऊ दे."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. थोड्या वेळानं सांगितलं की वकारच्या विमानात माणसं बाहेर कशी काढायची, ते सारं तिच्याकडे दिलंय. साहेब म्हणाले, खळ्यावर माणसं बसवणारी बाई आपल्याकडे दुसरी नाही. मी म्हटलं, "मंग तं मोठं काम भेटलं. घरात दार कुठं ठेवायचं हे पाहणारा मोठा असते." ती हो म्हणाली. तिचे केस विंचरून दिले. गुंता फार झाला होता.

११ जानेवारी, रविवार

आज सुवर्णा गेली. वकार तिला न्यायला जळगाव जामोदहून आला. उलटा रस्ता आहे, पण एकट्या पोरीला पिशव्या जड होतात.

कडूबाआबा महिनाभर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते की भागवतच्या घरी दोनदा बोलावलं आणि एकदाही वाढलं नाही. म्हणून आज खरी पंगत केली. वरण, बट्टी, वांग्याची भाजी, सुवर्णाला बिनतिखटाची. ओसरीत दोन ओळी, मधे रुंद वाट, ती आशाबाईनंच आखली. गनीभाऊची जीप दाराशी उभी. संभाजीनगरहून विमान होतं, त्याला वेळेत पोचायचं.

सगळ्यांचं जेवण झालं आणि आबा मात्र वरणात बट्टी कुस्करत बसले. एक घास, मग दम, मग एक घास. सगळे हात वाळवत बसलेले. वकारनं दोनदा मोबाईल पाहिला. सुवर्णा माझ्यासमोर बसली होती, ती घड्याळाकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मीही तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आबांनी अजून एक बट्टी घ्यावी.

आणि आबांनी मागितली. आशाबाईनं वाढली.

भरल्या पंगतीतून उठणं म्हणजे अन्नाचा अपमान, मोठ्यांचा अपमान. त्र्याहत्तर वर्षांत मी कधी उठले नाही. सासू सात सात भाकरी खायची तरी बसून राहिले. पण सुवर्णा काही आपण होऊन उठायची नाही, हे मला दिसलं. आणि मी बसले तर ओळीतलं कुणीच उठायचं नाही.

मी आबांना हात जोडले आणि उठले.

मग सगळे उठले. पिशव्या, संत्र्यांची टोपली, रडणं, सगळं एकदम दारात. वकार जीपमधून म्हणाला, "दादी, बावीस सेकंद." पुढं गनीभाऊशेजारी आमचे मालक बसले होते, स्टँडापर्यंत जातो म्हणून. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या जीपमध्ये पाय ठेवला. मागं सुवर्णा आणि वकार दोघंच, बाकी सीटा रिकाम्या. गनीभाऊनं हॉर्न वाजवला नाही, कुणाची वाट पाहिली नाही. गाडी भरली नव्हती तरी निघाली.

मी वळणापर्यंत गेले. परत येताना पायाला खडे टोचले तेव्हा पाहिलं, चपला ओसरीतच राहिल्या होत्या.